पठ्ठे बापूराव : त्यागकथेपलीकडचा वारसा

प्रास्ताविक :
श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ शाहीर पठ्ठे बापूराव यांचा जन्म १८६६ मध्ये वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. तेव्हा हा परिसर सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या अर्थाने बापूराव दोन्ही जिल्ह्यांचे शाहीर ठरतात. त्यांच्या चरित्राच्या रूढ मांडणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
ब्राह्मण कुलकर्ण्याने जात सोडून तमाशाचा फड उभारला, ही या चरित्राची सर्वपरिचित बाजू होय. बापूरावांची प्रतिभा वादातीत आहे. गण, गवळण, लावणी, वग अशा सर्व अंगांनी त्यांनी विपुल रचना केली. 'मिठाराणी' हा त्यांचा वग विशेष गाजला. बोलीतला शब्द ढोलकीच्या लयीत चपखल बसविण्यात त्यांचा हातखंडा होता. जातीची प्रतिष्ठा गमावून त्यांनी जी किंमत मोजली तीही खरी आहे. १९४५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेतच.

तथापि, केवळ त्यागावर भर दिल्याने एक गोष्ट झाकली जाते. ज्या वगात बापूराव चमकले, तो त्यांच्या जन्मापूर्वीच आकारास आला होता. पहिला वग मानला जाणारा 'मोहना-बटाव' १८६५ च्या सुमारास रंगभूमीवर आणला तो तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबाजी या मांग समाजातील कलावंतांच्या फडाने. बापूरावांचे शब्द रसिकांपर्यंत पोहोचविले ते संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील महार समाजातील पवळाबाईंनी. बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचे कौतुक झाले. या कलावंतांना मात्र जात सोडण्याची मुभाच नव्हती.

असे अन्यत्रही घडले आहे. अमेरिकेतील मद्यगृहांतून वाढलेल्या 'हाँकी-टाँक' गायकीचा अग्रणी हँक विल्यम्स (१९२३–१९५३) याला बालपणी संगीताचे धडे दिले ते रुफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरील गायकाने. शिष्याचे नाव १९६१ मध्ये कंट्री संगीताच्या कीर्तिदालनात कोरले गेले. गुरू मात्र त्याच्या चरित्रातील एक तपशील होऊन राहिला.

समारोप :
बापूरावांची लावणी वर्गात शिकविताना ती केवळ छापील कविता म्हणून शिकविणे अपुरे आहे. सावळजचा फड आणि पवळाबाईंचा गळा यांसह ती शिकविली गेली पाहिजे. त्याने बापूरावांचे मोठेपण उणावत नाही. उलट ते कोणत्या परंपरेच्या खांद्यावर उभे होते, हे स्पष्ट होते.