पहिला निबंध कोणाच्या हाती द्यावा?

गेल्या महिन्यात नारायण पेठेतील आमच्या घरी एक विद्यार्थिनी आपला पहिला संशोधननिबंध घेऊन आली. निबंध चांगला उतरला होता. तो कोठे छापावा एवढाच प्रश्न होता. तिच्यापुढे तीन नियतकालिके होती : एक परदेशी व मोठ्या नावाचे, दुसरे तिच्याच विषयाला वाहिलेले परंतु निर्णयास आठ-दहा महिने लावणारे, आणि तिसरे पैसे भरताच आठ दिवसांत छापून देणारे. नोकरीच्या अर्जाची मुदत जवळ आली असल्यामुळे तिचा कल तिसऱ्याकडे होता.

अशा वेळी आम्हांस दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण होते. नदीपलीकडे फर्ग्युसन महाविद्यालयात ते १९३३ ते १९४५ पर्यंत गणित शिकवीत असत. त्यांच्या तीन निबंधांची दैवे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

१९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. गुंतागुंतीच्या चढउतारांची मोजक्या, परस्परांत न मिसळणाऱ्या घटकांत उकल करण्याची रीत त्यात होती. पुढे फिनलंडचे कार्हुनेन व फ्रान्समधील लोएव्ह हे स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले, आणि रीतीला नावे त्यांचीच पडली. पत्रिका हलकी नव्हती, व महायुद्धाच्या त्या दिवसांत सारा दोष तिला देणे अन्यायाचे होईल. परंतु त्या रीतीची ज्यांना गरज होती त्यांच्या हाती तो निबंध पडला नाही, असे आम्हांस वाटते.

याच सुमारास, आनुवंशिक घटकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे एक सूत्र इंग्लंडातील ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आले. पाने अवघी चार. पण वाचक नेमके. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे अभ्यासक आजही ते सूत्र कोसंबींच्या नावानेच ओळखतात.

तिसरी कथा खेदाची आहे. १९५९ साली रीमानच्या प्रसिद्ध अटकळीसंबंधीचा आपला दावा त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या पत्रिकेत मांडला. अविभाज्य संख्यांच्या युक्तिवादातील छिद्र तेथे कोणी दाखवावे? दावा टिकला नाही, आणि त्यांच्या कीर्तीला बट्टा लागला. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या पुरुषासही ‘हे चुकले’ असे वेळीच सांगणारा वाचक हवा होता. मग तुमचीआमची कथा काय!

आमची कथा तर सांगण्यासही लाज वाटते. आमचा पहिला निबंध ओळखीच्या एका संपादकाने न वाचताच छापला. त्यातील एक ढळढळीत चूक वीस वर्षांनी सापडली, तीही आमची आम्हांलाच.

सरकारी याद्यांवर भिस्त ठेवावी, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ साली आपल्या पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने नवी यादी आरंभिली, आणि २०२५ साली तीही मोडीत काढली. याद्या येतात व जातात. पारख ज्याची त्यानेच करावयाची असते. आपण ज्यांच्या मतांचा आधार घेतला अथवा ज्यांचे खंडन केले, त्यांचा वाद कोणत्या पानांवर चालतो, हे पाहावे. त्या नियतकालिकाचे चार अंक खरोखर वाचावेत. संपादक कोण, हे शोधावे. आणि एका वेळी एकाच दारी जावे.

मुदत खोटी नसते, हे आम्ही जाणतो. घरात मिळवते माणूस एकच असेल, तर ‘थांब’ म्हणणे सोपे नाही. तरीही आम्ही तिला दुसऱ्या नियतकालिकाचे नाव सुचविले, आणि अर्जात ‘निबंध विचारार्थ पाठविला आहे’ असे प्रांजळपणे लिहावयास सांगितले. नोकरी मिळेल की नाही, हे आमच्या हाती नाही. पण निबंध परत आला, तर त्याबरोबर दोन पानांचे कडक अभिप्राय येतील. आणि पहिल्या निबंधाची खरी कमाई बहुधा तीच असते.