नाव फक्त डोंगराला : दार्जिलिंगची जुनी पोस्टकार्डं

जुन्या पोस्टकार्डांचा नाद लागला की रात्रीच्या झोपेचं काही खरं नाही. ओमर खान यांचं ‘पेपर ज्वेल्स’ हे ब्रिटिश काळातल्या भारतीय पोस्टकार्डांवरचं पुस्तक २०१८मध्ये आलं. त्यातली बरीच चित्रं इंटरनेटवरही बघता येतात, आणि लिलावाच्या साइट्सवर तर रोज नवी कार्डं येत असतात. गेले काही महिने मी रील्सऐवजी दार्जिलिंगची कार्डं बघतेय. साधारण १९०० ते १९२० या काळातली. पुष्कळ बघून झाल्यावर एक गोष्ट खटकायला लागली, आणि आता ती डोळ्यांपुढून हलत नाही. चित्र बघायच्या आधी मी त्याखालची ओळ वाचते.

आधी थोडी पार्श्वभूमी. दार्जिलिंगचा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीने सिक्कीमच्या राजाकडून १८३५मध्ये मिळवला. थंड हवेचं ठिकाण झालं, चहाचे मळे आले, १८८१मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी वर पोचली. कलकत्त्याच्या उकाड्याला कंटाळलेले साहेब उन्हाळ्यात वर येऊ लागले. मागोमाग फोटोग्राफर आले. कलकत्त्याच्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ आणि ‘बोर्न अँड शेफर्ड’ या बड्या कंपन्या होत्या, तर खुद्द दार्जिलिंगमध्ये थॉमस पार याचा स्टुडिओ होता. मूळ फोटो काळापांढरा. बरीचशी छपाई जर्मनीत व्हायची आणि रंगही तिथेच चढायचे. म्हणजे कांचनजंगावरची ती गुलाबी पहाट अनेकदा ज्याने हिमालय कधी पाहिला नाही अशा कारागिराच्या हातची आहे. आपण आज जे काम फिल्टरकडून करून घेतो, ते तेव्हा माणसं करत होती.

आता कार्डांचे दोन गठ्ठे करू.

पहिला गठ्ठा देखाव्यांचा. कांचनजंगाची रांग, चौरस्ता, घूमचं स्टेशन, वळणावर फोटोसाठी थांबवून ठेवलेली गाडी. ही कार्डं सुंदर आहेत, यात वाद नाही. पुढे काळसर झाडी, मध्ये धुकं, आणि नजर वर नेली तरी संपत नाही असा बर्फ. या गठ्ठ्यात प्रत्येक जागेला नाव आहे. शिखराचं नाव, टेकडीचं नाव, रेल्वेच्या एका अवघड वळणाचंही नाव: ‘ॲगनी पॉइंट’. माणसं असली तर मुंगीएवढी. डोंगर किती मोठा आहे हे कळावं, एवढंच त्यांचं काम.

दुसरा गठ्ठा माणसांचा. इथे डोंगर बहुतेक वेळा गायब होतो. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खाली सतरंजी किंवा मुद्दाम मांडलेले दगड. पुढे बसलेली किंवा उभी बाई, कानांत-गळ्यात पोवळं आणि फिरोजा, छातीवर ताईताची डबी. आणि खाली ओळ: ‘भुतिया बाई’. ‘लेपचा पुरुष’. ‘नेपाळी मुलगी’. ‘तिबेटी हमाल’. बस्स. वळणाला नाव आहे, बाईला जमात आहे.

काही कार्डांवर बाईच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ दिसते. झूम करून बघावी अशी ती गोष्ट आहे. कार्डाच्या मागे तिकिटावर राजाचं किंवा राणीचं डोकं, पुढे बाईच्या गळ्यातल्या नाण्यांवरही बहुधा तेच. ती डोकी कुणाची हे आपल्याला सांगता येतं. ती माळ घालून कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी बाई कोण, तिने त्या बैठकीचे पैसे घेतले का, आपलं चित्र विलायतेला जातंय हे तिला माहीत होतं का, यातलं काहीही कार्ड सांगत नाही.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. पोस्टकार्डाचा धंदाच असा होता. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या टोप्या घातलेल्या बायका, स्कॉटलंडच्या मासळी विकणाऱ्या, स्विस पोशाखातल्या मुली, सगळ्यांची ‘नमुना’ म्हणूनच कार्डं निघाली आणि त्यांच्याखालीही नावं नसत. शिवाय असे नमुने काढणारे सगळे परकेही नव्हते. आपल्या कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांवर पोस्टकार्डं काढली, तीही ‘अमुक धंद्याचा माणूस’ याच प्रकारची.

आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. धुरंधरांची माणसं कुणालातरी बघत असतात, ठसक्यात चालत असतात, त्यांच्या मागे रस्ता आहे. बघणाऱ्याची आणि त्यांची गल्ली एक आहे. दार्जिलिंगच्या स्टुडिओतली माणसं नुसती उभी आहेत. शिवाय ब्रिटनीतल्या बाईचा भाऊ दुकानात जाऊन ते कार्ड विकत घेऊ शकत होता आणि खालची ओळ वाचू शकत होता. दार्जिलिंगच्या हमालासाठी ते कार्ड छापलंच नव्हतं.

हमालांचा विषय निघालाच आहे तर ‘रोजच्या जीवनाची’ म्हणून विकली गेलेली कार्डंही पाहू. पाठीवर टोपल्या घेऊन चहा खुडणाऱ्या बायका. कपाळावर पट्टा अडकवून ओझं वाहणारी माणसं. खांद्यावरच्या दांडीत बसलेली मडम आणि खाली चार जोड्या पाय. या रोजच्या जीवनात जेवण फारसं दिसत नाही, झोप दिसत नाही, भांडण दिसत नाही. मुख्यतः दिसतं ते काम. तेही पाहुण्यांच्या उपयोगाचं काम. नेपाळच्या डोंगरांतून हजारो माणसं मळ्यांवर आणि रस्त्यांवर कामाला आली, त्यांच्या कष्टांवर हे गाव उभं राहिलं. चित्रात मात्र ती जणू झाडांबरोबर तिथेच उगवली आहेत अशी दिसतात. शिवाय काचेच्या प्लेटा, तिपाई आणि कॅमेऱ्याचं जड खोकं घेऊन डोंगर चढणारा माणूस फोटोग्राफर नसे. देखाव्याच्या गठ्ठ्यातही हमाल आहे, फक्त तो फ्रेमच्या बाहेर आहे.

याच गावातून १९२१पासून एव्हरेस्टच्या मोहिमा निघाल्या. १९२२च्या मोहिमेत हिमस्खलनात सात हमाल मेले. पुढे कामाच्या शोधात दार्जिलिंगला आलेला एक तरुण १९५३मध्ये शिखरावर पोचला, आणि तेनसिंग नोर्गे हे नाव जगाला पाठ झालं. त्याच्या आधी त्याच चौरस्त्यावर कामाची वाट बघत बसलेल्या कितीतरी माणसांचे चेहरे या कार्डांवर असतील. त्यांच्यासाठी खाली दोनच शब्द छापले गेले.

म्हणून मला ‘दास स्टुडिओ’ महत्त्वाचा वाटतो. ठाकुरदास प्रधान यांनी तो १९२७मध्ये दार्जिलिंगमध्ये सुरू केला. डोंगरांचे देखावे तिथेही निघत आणि विकले जात. पण गावातल्या माणसाचा स्टुडिओ म्हटला की गावातली कुटुंबं ठेवणीतले कपडे घालून, स्वतः पैसे मोजून फोटो काढून घ्यायला येतात. पडदा तसाच रंगवलेला असेल, उभं राहणंही तसंच ताठ असेल. फरक इतकाच की तो फोटो घरी जातो, भिंतीवर लागतो आणि पोरंबाळं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, ही आमची आजी. त्याला खालच्या ओळीची गरज पडत नाही.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण महाबळेश्वरला गेल्यावर आपण अजूनही विल्सन आणि एल्फिन्स्टन पॉइंटवर उभं राहून फोटो काढतो, माथेरानला लुइझा पॉइंटवर. माथेरानची रेल्वेही दोन फुटी, १९०७ची. तिथे वर्षानुवर्षं हातरिक्षा ओढणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?

मला नव्हतं. कार्डं बघता बघता मी एकदा माझी स्वतःची गॅलरी उघडली. राजमाचीच्या ट्रेकचा एक फोटो आहे. चुलीपुढे बसलेली बाई, चेहऱ्यावर जाळाचा उजेड, हातात भाकरी. माझ्या फोटोंपैकी सर्वांत जास्त लाइक्स मिळालेला. खाली मी लिहिलं होतं: ‘राजमाचीची मावशी’. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांची नावं मात्र त्याच पोस्टमध्ये नीट, शुद्धलेखनासह आहेत. तिच्याकडे आम्ही दोनदा पिठलं मागून घेतलं, रात्रभर तिच्या पडवीत झोपलो, सकाळी पैसे दिले. नाव विचारलं नाही.

ती पोस्ट मी काढून टाकलेली नाही. काढून काय होणार? पाऊस संपला की पुन्हा राजमाचीला जायचं ठरलंय. या वेळी फोटोची प्रिंट काढून नेणार आहे, तिच्या हातात द्यायला. खालची ओळ तिला विचारूनच बदलेन.