‘स्मरणगाथा’: भ्रमण आणि लेखन

खासबागेतील मागांचा खडखडाट कानी असता गो. नी. दांडेकरांची ‘स्मरणगाथा’ आम्ही पुन्हा वाचली. १९७६ साली साहित्य अकादमीने गौरविलेला हा ग्रंथ एक जुना प्रश्न उभा करतो: लेखक पायांनी घडतो की पोथ्यांनी?

तेराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडलेला हा मुलगा गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला, शास्त्राध्ययनात रमला, नर्मदेची परिक्रमा करून आला. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवावी, ओलांडू नये, असा दंडक आहे. स्वैर भ्रमंती आणि साधना यांतील अंतर तेच. सत्पुरुषांची चित्रे रेखाटताना दांडेकरांची भक्ती कधी कधी विवेकास मागे सारते, हे मान्य करावे लागेल. तरीही ओस पडत चाललेल्या कोकणी गावाची ‘पडघवली’ ही कथा याच भटक्याने घराला बांधलेल्या अंबूच्या तोंडून सांगितली. जाणाऱ्याला राहणाऱ्याचे दुःख उमगले! हे केवळ पायांचे काम नव्हे, केवळ पोथीचेही नव्हे.

कुलदेवतेच्या यात्रेस निघणाऱ्या आमच्या वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र परत घरी आल्यावर, स्वस्थ बसून.