आवेश आणि आवर : लष्करी पुनरभिनयातील नेतृत्वाचा प्रश्न

ऐतिहासिक लढायांच्या पुनरभिनयाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चिले गेलेले दिसतात. वेष, शस्त्रे व कवायत यांची सत्यता कितपत साधते, हा एक. आणि असे खेळ इतिहासाच्या गंभीर अभ्यासाला पोषक ठरतात की मारक, हा दुसरा. या हौशी सैनिकांच्या पुढे चालणारा जो नायक असतो त्याचे कार्य नेमके कोणते, या तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या तिसऱ्यावर अवलंबून आहेत.

खरा सेनापती आपल्या माणसांना जयाची आशा दाखवतो, लुटीचे वा बढतीचे आमिष दाखवतो आणि वेळ पडल्यास शिक्षेचे भय घालतो. पुनरभिनयाच्या नायकाजवळ यांपैकी एकही साधन नसते. लढाईचा निकाल कित्येक पिढ्यांपूर्वी लागून गेलेला असतो. त्याचे सैनिक पदरचे पैसे खर्चून, सुटीच्या दिवशी, केवळ हौसेने आलेले असतात. मन विटले तर दुपारी ते घरी जाऊ शकतात. अशा माणसांकडून त्याला जी पहिली गोष्ट करवून घ्यावयाची असते ती म्हणजे ठरल्या जागी हटणे आणि ठरल्या वेळी मरणे. तेही असे, की पाहणाऱ्याला त्यात पूर्वनियोजनाचा वास येऊ नये. म्हणजे आवेश चेतवावयाचा आणि त्याच श्वासात त्याला आवर घालावयाचा. नाटकाच्या दिग्दर्शकापुढेही काहीसा असाच पेच असतो हे खरे. पण त्याच्या हाती संहिता असते. ‘जाणता राजा’सारख्या महानाट्यात घोडे-हत्तींसह मोठा समुदाय वावरत असला, तरी कोणी केव्हा काय करावे हे लेखकाने आधी ठरवून दिलेले असते. पुनरभिनयातील शेकडो माणसांना संवाद नसतात. त्यांना दिशा, वेळ आणि शेवट तेवढा ठाऊक असतो. मधले सारे नायकाने त्यांच्याकडून काढून घ्यावयाचे असते.

या नेतृत्वाचा एक नमुना म्हणून ब्रिगेडियर पीटर यंग (१९१५–१९८८) यांचे उदाहरण घेता येईल. दुसऱ्या महायुद्धात कमांडो म्हणून नाव मिळवलेला, पुढे अरब लीजनमध्ये एका रेजिमेंटचे आधिपत्य केलेला आणि १९५९ ते १९६९ या काळात सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात लष्करी इतिहास शिकवणारा हा माणूस. १९६८ साली त्यांनी ‘सील्ड नॉट’ ही संस्था स्थापन केली. सतराव्या शतकातील इंग्लिश यादवी युद्धाच्या लढाया मैदानावर पुन्हा उभ्या करणे हे तिचे काम. संस्थेचे नावच क्रॉमवेलच्या अमदानीत राजसत्तेच्या पुनःस्थापनेसाठी खटपट करणाऱ्या गुप्त मंडळावरून घेतलेले आहे. स्थापकाचा कल कोणीकडे होता हे त्यावरून उघड व्हावे. पण एकाच पक्षाचे सैन्य घेऊन लढाई होत नाही, आणि पार्लमेंटचे सैन्यही तितक्याच उत्साहाने उभे करणे या संस्थेला पहिल्यापासून भाग होते. खरी युद्धे पाहिलेला सेनानी, खोट्या युद्धात प्रतिपक्षालाही बळ पुरवणारा यजमान होतो, ही गोष्ट विनोदी वाटेल. परंतु पुनरभिनयाच्या नेतृत्वाचे मर्म याच अवघड स्थितीत आहे.

या संस्थेच्या मैदानी कार्यक्रमांतील दोन अंगांची तुलना उद्बोधक ठरते. बंदूकधाऱ्यांच्या पथकात सारा भर शिस्तीवर असतो. नळीत दारू असते पण गोळी नसते, आणि बार काढताना नळीचे तोंड समोरच्या माणसांच्या डोक्यांवरून रोखलेले असते. येथे नायकाचे काम जवळजवळ शिक्षकाचे आहे. धीर देण्यापेक्षा घाई रोखणे महत्त्वाचे. लांब भाले घेतलेल्या पथकांची गोष्ट अगदी निराळी. दोन्ही पथके भाले उभे धरून एकमेकांवर छातीने आदळतात आणि रेटारेटी सुरू होते. ही झुंज खोटी नसते. घाम खरा, धाप खरी, आणि समोरच्याला मागे सारण्याची ईर्ष्याही खरीच. तरीही अमुक पथकाने अमुक वेळी मागे हटावयाचे हे सकाळीच ठरलेले असते. ज्या पथकाच्या अंगात त्या दिवशी अधिक बळ आहे, नेमके त्याच्यावरच हरण्याची पाळी आली तर काय? नायकाची कसोटी येथे लागते. त्याने आधीच्या रेट्यात पुरेसे उत्तेजन दिले नसेल तर पराभव नाटकी दिसतो, आणि मर्यादेबाहेर दिले असेल तर पथक हटतच नाही. चांगला नायक अशा वेळी ‘मागे या’ असे म्हणत नाही. मागे हटणे हाही पथकाच्या कौशल्याचाच भाग आहे, रांग न मोडता माघार घेणे हे पुढे रेटण्यापेक्षा अवघड आहे, असे तो आपल्या माणसांच्या मनावर आधीपासून बिंबवून ठेवतो. पराभवाला त्याने अशा रीतीने कसबाची प्रतिष्ठा दिलेली असते.

मरणाचेही तसेच. लांबून प्रवास करून, महागामोलाचा वेष चढवून आलेला माणूस पहिल्याच बारात जमिनीवर पडून राहावयास सहसा तयार नसतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या पुनरभिनयात कोणी केव्हा पडावे हे ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकण्याचे किंवा जन्ममहिना पाहण्याचे उपाय योजतात, ते त्यामुळेच. पक्षांची संख्या जुळेनाशी झाली की काहींनी दोन्ही गणवेष जवळ बाळगून गरजेप्रमाणे बाजू बदलण्याचीही तेथे रूढी आहे. ही तडजोड वरवर किरकोळ दिसते. पुढे तिचा पुन्हा विचार करावा लागेल.

अमेरिकेतीलच दुसऱ्या एका प्रवृत्तीचे चित्र टोनी हॉर्विट्झ यांच्या १९९८ सालच्या ‘कॉन्फेडरेट्स इन द ॲटिक’ या पुस्तकात सापडते. रॉबर्ट ली हॉज आणि त्याचे सोबती यांनी अस्सलतेचे जे व्रत घेतले आहे त्यात उपास काढून शरीर रोड करणे, गणवेषाच्या बटणांना जुनेपणा यावा म्हणून ती मूत्रात भिजवणे, थंडीत एकमेकांना बिलगून उघड्यावर झोपणे इत्यादी गोष्टी येतात. येथे नेतृत्व ना शौर्याने मिळते ना वक्तृत्वाने. ते मिळते शिवणीच्या टाक्यावरून. ज्याचा अंगरखा अधिक अस्सल, त्याचा शब्द अधिक वजनदार. हॉर्विट्झ यांनी हे सारे सहानुभूतीने, पण मिस्कील नजरेने टिपले आहे. मात्र या व्रतस्थांना प्रत्यक्ष लढाईच्या दृश्यापेक्षा पदयात्रा आणि तळावरचा मुक्काम यांचे मोल अधिक वाटते, या गोष्टीचा अर्थ पुरेसा उकललेला नाही. भूक आणि थंडी खरी आणता येते, मरण आणता येत नाही, हे त्यांना कळलेले आहे.

याच जागी कॉलिंगवुडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ (१९४६) या ग्रंथात इतिहासकार हा भूतकालीन विचाराचा आपल्या मनात पुनरभिनय करतो, असे प्रतिपादन आहे. पण त्याने ही शक्यता विचारापुरतीच मानली. संवेदना आणि भावना यांचा प्रवाह त्या अर्थाने पुन्हा घडवता येत नाही, असे त्याचे मत होते. हॉजचे पथक नेमके उलट टोकाला उभे आहे. ते संवेदनेच्या मागे लागते आणि विचार सोडून देते. पोटातली भूक १८६२ ची. पण ते सैन्य ज्या गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढले तिचा विचार मात्र तळाच्या बाहेर राहतो. १९६१ च्या जुलैमध्ये मॅनासस येथील लढाईचा शतसांवत्सरिक पुनरभिनय झाला तेव्हा त्याच्यावर टीका झाली आणि इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांच्यासारख्यांनी अशा कार्यक्रमांना विरोध केला. त्यामागे हाच अस्वस्थपणा होता. दोन्ही बाजूंचे शौर्य सारखेच गौरवावयाचे ठरले की लढाईचे कारण अडचणीचे होऊन बसते. पथकाला उत्साहित करण्याची सोय आणि इतिहासाची मागणी यांचा येथे सरळ विरोध येतो, आणि बहुतेक नायक सोयीच्या बाजूने जातात.

ही सोय जेथे उपलब्ध नव्हती असे एक उदाहरण म्हणजे जेरेमी डेलर या कलावंताची ‘द बॅटल ऑफ ऑर्ग्रीव्ह’ ही कृती. इंग्लंडमधील खाणकामगारांच्या १९८४–८५ च्या संपात, १८ जून १९८४ रोजी, साउथ यॉर्कशरमधील ऑर्ग्रीव्ह येथे कोक तयार करण्याच्या कारखान्यासमोर हजारो संपकरी आणि हजारो पोलीस यांची चकमक झाली. घोडेस्वार पोलिसांनी चाल केली. पंचाण्णव जणांवर खटले भरले गेले आणि १९८५ मध्ये ते कोलमडले. १७ जून २००१ रोजी डेलर यांनी ही चकमक त्याच गावात पुन्हा घडवून आणली. त्यात सुमारे एक हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ८०० निरनिराळ्या पुनरभिनय-संस्थांतून आलेली आणि सुमारे २०० माजी खाणकामगार. मैदानावरील प्रत्यक्ष संयोजन हॉवर्ड जाइल्स यांच्याकडे होते. इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या ऐतिहासिक कार्यक्रमांचे प्रमुखपद त्यांनी पूर्वी सांभाळले होते. माइक फिगिस यांनी केलेल्या चित्रपटामुळे हा प्रसंग आज अभ्यासकाला पाहता येतो.

या कृतीविषयी बरेच लिहिले गेले आहे. क्लेअर बिशप यांनी ‘आर्टिफिशियल हेल्स’ (२०१२) या ग्रंथात तिची सविस्तर चर्चा करून त्या दिवशीचे जत्रेसारखे वातावरण आणि हिंसेची आठवण यांतील विसंगती दाखवून दिली आहे, ती यथार्थ आहे. तथापि बहुतेक समीक्षेत कर्तेपण डेलर यांच्याकडे जाते आणि अनुभव खाणकामगारांकडे. मधला जाइल्स केवळ व्यवस्थापक म्हणून उरतो. हा न्याय अपुरा आहे. डेलर यांनी प्रश्न उभा केला हे निर्विवाद. पण तो मैदानावर सोडवावयाचा होता तो जाइल्स यांना, आणि त्यांच्यापुढे एक नव्हे, दोन समुदाय होते. संस्थांतून आलेल्यांना शिस्त होती, परंतु त्या लढाईचा राग नव्हता. खाणकामगारांना राग होता आणि कवायतीचा अनुभव नव्हता. पहिल्यांना चेतवावयाचे, दुसऱ्यांना आवरावयाचे. यंग यांच्या पथकात एकाच माणसाच्या मनात असलेला आवेश-आवराचा झगडा येथे दोन गटांत विभागून समोरासमोर उभा राहिला.

या ठिकाणी एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. पोलिसांच्या रांगा उभारण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत जुन्या काळच्या सैन्यांचे वेष एरवी धारण करणारे लोक होते. ढालीला ढाल भिडवणे, घोड्यांना वाट देण्यासाठी रांग उघडणे आणि पुन्हा मिटवणे या हालचालींचा त्यांना सराव होता. १९८४ मध्ये पोलिसांनी वापरलेली पद्धती, म्हणजे लांब ढालींची भिंत, तिच्यातून सुटणारे घोडेस्वार आणि मागोमाग आखूड ढाली व दंडुके घेतलेली पथके, ही या मंडळींना विनासायास समजावी हे अर्थपूर्ण आहे. नागरी बंदोबस्त म्हणून जे सांगितले गेले ते लष्करी डावपेच होते, हा खाणकामगारांचा आरोप एका वेगळ्याच पुराव्याने येथे पुढे येतो. कॉलिंगवुडच्या अर्थाने पाहता त्या दिवशी ज्याचा पुनरभिनय खरोखर साधला तो संतापाचा नव्हे, तर पोलीस अधिकाऱ्याच्या विचाराचा. आणि तो साधला कवायतीच्या द्वारे. डेलर यांनी संपाविषयीच्या आठवणींच्या पुस्तकाला ‘द इंग्लिश सिव्हिल वॉर, पार्ट टू’ असे नाव दिले, त्यातील उपहासाला मैदानावर असा आधार मिळालेला आहे.

क्रमाचा प्रश्नही असाच. त्या दिवशीच्या दूरचित्रवाणी बातम्यांत घटनांचा क्रम उलटा लागला, आधी दगड आणि मग घोडे असे दाखवले गेले, ही खाणकामगारांची जुनी तक्रार आहे. म्हणून २००१ मध्ये कोणती हालचाल कोणत्या इशाऱ्यावर व्हावी हे ठरवणे म्हणजे केवळ रंगमंचीय सोय पाहणे नव्हते. इतर कोणत्याही पुनरभिनयात नायकाचा इशारा दृश्य सुरू करतो. येथे तो साक्ष देत होता. अशा वेळी हौसेने पुढे धावणारा एखादा तरुण केवळ बेशिस्त ठरत नाही, तो पुरावा बिघडवतो. खाणकामगारांच्या आवेशाला आवर घालण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या संयोजकाला कोठून मिळतो, असा आक्षेप घेता येईल. पण आवर नसता तर उरली असती ती केवळ दंगल, आणि दंगल हाच तर त्यांच्यावरचा मूळ आरोप होता.

आता बाजू बदलण्याच्या रूढीकडे परत यावयास हवे. काही माजी खाणकामगारांनी त्या दिवशी पोलिसांचा गणवेष चढवला. संस्थांच्या दृष्टीने हा नित्याचा व्यवहार. संख्या जुळत नसली की कोणीतरी पलीकडे जावयाचेच असते. पण यादवी युद्धात बाजू बदलणाऱ्याला प्रतिपक्षाने स्वतः मारलेले नसते. ज्याच्यावर सतरा वर्षांपूर्वी घोडा आला त्याने ढालीमागे उभे राहून आपल्याच सोबत्यांकडे पाहावे, ही गोष्ट कोणत्याही कवायतीत बसत नाही, आणि तिच्यासाठी उत्तेजनाचे शब्दही तयार नसतात. तरी ती कवायतीच्या आश्रयानेच शक्य झाली. रांगेत उभे राहण्याची जी साधी आज्ञा इतरांना होती तीच त्यालाही होती. कारण विचारले गेले नाही, भावना व्यक्त करण्यास सांगितले गेले नाही. त्या नीरस आज्ञेत एक प्रकारची सभ्यता होती असे म्हणावे लागते.

फिगिस यांचा चित्रपट मुलाखतींवर अधिक भर देतो. त्या मोलाच्या आहेतच, आणि पोलीस झालेल्या एका माजी खाणकामगाराची साक्ष तर विसरता येण्यासारखी नाही. तथापि मुलाखतीत माणूस आपल्याला आधीच ठाऊक असलेले सांगतो. तालमीची दृश्ये त्या मानाने थोडकी आहेत: उन्हात जमलेला घोळका, सूचना देणारे संयोजक, अर्धवट लक्ष देणारी माणसे, आणि मग हळूहळू सरळ होत जाणारी एक रांग. या कृतीचा पुढील अभ्यास करणाऱ्याने तेथून आरंभ करावा.