तंबूत गरम पाणी कोण आणतं?

'आउट ऑफ आफ्रिका' मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना. भिसेगावच्या घरी, मोबाइलवर, हेडफोन लावून. हेडफोन हवेतच. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा इंजिनं जोडतात, आणि त्यांची धडधड आमच्याकडे रात्रभर चालू असते. सिनेमा आवडला. गवताळ माळ, तंबू, पांढऱ्या कापडाचं टेबल, ग्रामोफोनवर मोझार्ट, आणि नदीकाठी रॉबर्ट रेडफर्ड मेरिल स्ट्रीपचे केस धुतोय. अशा तंबूत एकदा राहायचंच, हे तेव्हाच ठरलं.

केनिया परवडणारं नव्हतं. पण आता आमच्या कर्जतच्या आसपासही तंबू उभे राहिलेत. त्यातल्या एकाच्या जाहिरातीत 'आफ्रिकन सफारीचा अनुभव' असं लिहिलं होतं. पहिल्या पगारातून एक रात्र बुक केली. आई म्हणाली, "घर सोडून पैसे देऊन तंबूत झोपणार?"

खाकी तंबू, आत पलंग, कंदिलाच्या आकाराचा एलईडी दिवा. वन्यप्राणी म्हणाल तर एक मांजर. तरी मजा आली, खोटं कशाला बोलू! रात्रभर छतावर पानं पडत होती. सकाळी बाहेरून हाक आली, "ताई, गरम पाणी." चेन उघडली तर शाळेतल्या मैत्रिणीची आई, हातात बादली. त्यांच्या अंगणात मी लहानपणी पोटभर जांभळं खाल्लीत. मी "काकू" म्हणाले. त्या बादली खाली ठेवत म्हणाल्या, "अजून लागलं तर सांगा, ताई."

घरी येऊन सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी नजर टेबलाच्या मागे जात राहिली. एवढं काचेचं सामान रानात कुणी वाहून आणलं? नदीकाठचा तो पाण्याचा जग कुणी भरला? १९८५ सालच्या या सिनेमाला सात ऑस्कर मिळाली, पण तंबूच्या दृश्यांत राबणारी माणसं दिसतात न दिसतात तोच कॅमेरा मावळतीकडे वळतो. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांना ती माणसं ठाऊकच नाहीत, असं नाही. फराह या कारभाऱ्याला त्यांनी चांगले प्रसंग दिलेत. शेवटी किकुयू लोकांच्या जमिनीसाठी नायिका गव्हर्नरपुढे गुडघे टेकते, तेही दाखवलंय. पण प्रेमाची वेळ आली की रान रिकामं लागतं, आणि ते रिकामं करण्यात सिनेमा फार तरबेज आहे. जाहिरातवाल्यांनी नेमकं तेच उचललं.

मग मूळ पुस्तक वाचलं. कारेन ब्लिक्सेन ही डॅनिश बाई १९१४ ते १९३१ केनियात कॉफीचा मळा चालवत होती. पुस्तक आलं १९३७ साली. सिनेमातली प्रेमकथा इथे जवळजवळ नाहीच. त्याऐवजी पानंच्या पानं आहेत ती कामांतेवर. पायांवर जखमा घेऊन आलेला हा किकुयू मुलगा पुढे तिचा स्वयंपाकी होतो. मळा विकल्यावर तिथल्या कुळांना एकत्र राहता यावं म्हणून तिने सरकारदरबारी घातलेल्या खेपाही पुस्तकात आहेत.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी या पुस्तकाला झोडपलंय. मालकाने जनावरावर करावं तसं हिचं प्रेम, हा त्यांच्या टीकेचा रोख. ती माणसांना वरचेवर प्राण्यांच्या उपमा देते, त्यामुळे हा आरोप झटकून टाकता येत नाही. तरी मला पुस्तकच जवळचं वाटलं. तिथे निदान जेवण कुणी रांधलं हे कळतं, त्याचा हट्टीपणा कळतो, आणि मालकिणीला तो मनातल्या मनात हसतो हेही कळतं. सिनेमात हे हसणं ऐकू येत नाही.

'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबीतून आला, आपली 'सफर'ही तिथलीच. दोन्हींचा अर्थ साधा प्रवास. माझा झाला रिक्षाने वीस मिनिटांचा. त्या तंबूला मी फोनवर पाच तारे दिले, खाली 'स्टाफ छान' असं लिहिलं. काकूंचं नाव घालायला हवं होतं, पण ते मला माहीतच नाही. लहानपणापासून मी त्यांना मैत्रिणीच्या नावानेच ओळखते.