टाकीचा खड्डा आणि मुलुंडचे भूजल

जमिनीखालील इंधनटाकी काढल्यावर खड्ड्याच्या तळची माती तपासावयाची आणि ती निर्दोष आढळल्यास सारी जागा निर्दोष मानावयाची, ही पद्धती जाड वालुकामय थरांच्या प्रदेशात बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. मुलुंडला ती जशीच्या तशी लावणे मात्र सदोष होय.

येथील भूमी पश्चिमेच्या डोंगरांपासून पूर्वेस ठाणे खाडीच्या मिठागरांकडे उतरते. मातीखाली मुरूम व त्याखाली बेसाल्ट असून, बेसाल्टातील पाणी मुख्यतः भेगांतून वाहते. गळालेले पेट्रोलही त्याच वाटांनी खाली जाते. पाण्याहून हलके असल्यामुळे ते भूजलावर तरंगते. त्यातील बेंझीन मात्र काही अंशी विरघळून पाण्याबरोबर दूर जाते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने बेंझीनची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम ठरविली आहे. तेव्हा खड्ड्यातील नमुने स्वच्छ निघाले, एवढ्यावरून उताराकडील विहिरीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

केंद्र शासनाच्या २०२५ च्या दूषित स्थळांविषयीच्या नियमांत प्राथमिक व सविस्तर अशा दोन पायऱ्या आहेत, हे योग्यच आहे. परंतु पहिली पायरी मातीपाशीच थांबली, तर दुसरीचा प्रसंगच येणार नाही. भूजलाच्या उताराची दिशा ठरविण्यास निदान तीन निरीक्षण-विहिरी लागतात. भेगाळ पाषाणात त्याही अपुऱ्या पडण्याचा संभव असतो. शिवाय मोजणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा झाली पाहिजे. आसपासच्या गृहसंस्थांच्या विहिरींची नोंद तर आरंभीच व्हावी. कारण ते पाणी वापरणाऱ्यांना शेजारी कधीकाळी टाकी होती, हेही बहुधा ठाऊक नसते.