बीथोव्हेनचा ‘आर्चड्यूक’ ट्रिओ : सादरीकरणातील तोलाचा प्रश्न

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात परंपरेतील कक्षसंगीत, म्हणजेच चेंबर म्युझिक, हे मोजक्या वादकांचे संगीत होय. त्यात वाद्यवृंदाप्रमाणे संचालक नसतो आणि प्रत्येक वादकाला आपला भाग एकट्याने पेलावा लागतो. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांचा ‘पियानो ट्रिओ’ हा त्यातील एक प्रमुख, परंतु स्वभावतःच विषम प्रकार आहे. व्हायोलिन व चेलो यांचा गजाने काढलेला स्वर लांबवता आणि फुलवता येतो. पियानोचा स्वर हातोडीच्या आघाताने उमटतो व लगेच विरू लागतो. मात्र स्वरांची संख्या आणि आवाजाचे बळ त्याच्याकडेच अधिक असते. हा तोल रचनाकार साधतो की वादक, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात बीथोव्हेनच्या ‘आर्चड्यूक’ ट्रिओच्या आधारे केला आहे.

संगतीकडून संवादाकडे

हायडनच्या ट्रिओंमध्ये चेलो बहुतांशी पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर दुणावतो. त्या काळच्या पियानोचा खर्ज क्षीण असल्याने ही योजना उपयुक्त होती. परंतु त्यामुळे चेलोचे स्थान संगतकाराचेच राहिले. १७९५ मध्ये प्रकाशित झालेल्या ओपस १ मधील तीन ट्रिओंत बीथोव्हेनने चेलोला अधिक स्वातंत्र्य दिले. १८११ मध्ये रचलेल्या आणि आर्चड्यूक रुडॉल्फ यास अर्पण केलेल्या ओपस ९७ मध्ये ही वाटचाल परिपक्व झालेली दिसते. पहिल्या भागाची मुख्य सुरावट पियानो एकटाच मृदूपणे मांडतो. दुसऱ्या भागात, स्केर्त्सोमध्ये, पियानो आरंभी मौन पाळतो. चेलो बोलू लागतो व व्हायोलिन त्याला उत्तर देते. पहिल्या भागाच्या मध्यावर तर तंतुवादक गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतात आणि पियानोवादकही हलके, तुटक स्वर वाजवतो. तिन्ही वाद्यांचा पोत येथे जवळजवळ एक होतो. तोलाची योजना स्वरलेखनातच केलेली आहे, हे यावरून स्पष्ट होते.

पहिले सादरीकरण

ही योजना पुरेशी ठरते काय? ११ एप्रिल १८१४ रोजी व्हिएन्नात या रचनेचे पहिले जाहीर सादरीकरण झाले. व्हायोलिनवर शुपान्झिग, चेलोवर लिंके आणि पियानोवर स्वतः बीथोव्हेन होता. त्याचे बहिरेपण तोपर्यंत बरेच वाढले होते. श्रोत्यांतील मोशेलेस या पियानोवादकाला त्याच्या वादनात स्वच्छता व अचूकता उणी वाटली, तरी थोरवीच्या खुणा जाणवल्या. याच काळात त्याच्या घरी एका ट्रिओची तालीम ऐकणाऱ्या श्पोरने अधिक कठोर निरीक्षण नोंदवले आहे : जोरकस जागी तारा खणखणत, तर मृदू जागी स्वरांचे गटच्या गट ऐकू येत नसत. स्वरलेखनातील प्रत्येक खूण ज्याने स्वतः लिहिली, त्याच्याच हातून तोल ढळला. याचे कारण आकलनाचा अभाव हे नव्हे. आपला स्वर इतरांच्या स्वरात कसा मिसळतो, हे त्याला ऐकू येत नव्हते.

ध्वनिमुद्रणाची साक्ष

कोर्तो, तिबो आणि कासाल्स यांनी १९२८ मध्ये केलेले याच रचनेचे ध्वनिमुद्रण येथे उद्बोधक ठरते. कोर्तोच्या पियानोवादनात चुकीचे स्वर अधूनमधून येतात, हे सर्वश्रुत आहे. तरीही चेलोकडे सुरावट येताच पियानो मागे सरतो आणि कासाल्सचा स्वर ठसतो. चूक येथे खपून जाते. न ऐकणे मात्र खपले नसते. आजच्या ओतीव लोखंडी चौकटीच्या पियानोचा आवाज बीथोव्हेनकालीन लाकडी चौकटीच्या पियानोपेक्षा कितीतरी भरदार आहे. त्यामुळे ही जबाबदारी पूर्वीपेक्षा अधिक जड झाली आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तोलाची शक्यता रचनाकार निर्माण करतो. परंतु ती प्रत्येक सादरीकरणात वादकाच्या कानांनीच प्रत्यक्षात येते. म्हणून ट्रिओच्या मैफलीचे मूल्यमापन पियानोवादकाच्या चमकदार बोटांवरून करणे अपुरे आहे. पियानो भरात असताना चेलो ऐकू येतो का, आणि त्याच्यासाठी पियानोवादक थांबतो का, हा समीक्षेचा पहिला प्रश्न असावयास हवा. १८१४ च्या त्या मैफलीने हा प्रश्न प्रत्यक्ष रचनाकारालाही विचारला होता.